सोन्याच्या दांतापासून पोलादी दांतापर्यंत

कलई उडालेल्या पितळी भांड्यांत ताक ठेवूं नये, हें महाराष्ट्रांतील गृहिणीला कोणी शिकवावें लागत नसे. ताक कळकतें, त्याला हिरवट छटा व तुरट चव येते, आणि तें पोटांत गेल्यास बाधतें. आम्लाच्या संगतीनें तांब्याचा अंश विरघळतो, हें त्यामागील रसायन होय. मनुष्याचें मुख हेंही एका अर्थानें असेंच भांडें आहे. त्यांत लाळेचा ओलावा अखंड असतो. चिंच, कोकम, लिंबू व ताक यांचें आम्ल वरचेवर येतें. आणि या भांड्याला कलई करणारा दारावर येत नाहीं. म्हणून दांतांसाठीं धातु निवडतांना बळकटीच्याही आधीं तो कळकेल काय, हें पाहावें लागतें.

या प्रश्नाचें जुनें उत्तर सोनें हें होतें. सोनें लाळेंत विटत नाहीं. तांबें व रुपें मिसळून त्याला हवा तेवढा कठीणपणा देतां येतो. आणि सुमारें हजार अंश सेंटिग्रेडवर तें वितळत असल्यामुळें साच्यांत ओतणें सोपें जातें. दोष एकच, त्याची किंमत. गिरगांवांतील सुखवस्तु कुटुंबाला जो उपचार झेपे, तो परळ-लालबागच्या गिरणी-कामगाराच्या आटोक्याबाहेर राही. गंधक घालून कठीण केलेल्या रबराची कवळी स्वस्त पडे खरी. पण ती जाड असे व मोडण्याची भीति राही.

ही कोंडी फोडली ती पाश्चात्य देशांतील पोलादाच्या भट्ट्यांनीं. १९१२ सालीं जर्मनींतील क्रुप कारखान्यांत श्ट्राउस व माउरर यांनीं क्रोमियम आणि निकेल मिसळलेलें पोलाद सिद्ध केलें. १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली हा बंदुकीची नळी लवकर झिजूं नये म्हणून प्रयोग करीत असतां त्याच्याही हातीं न गंजणारें पोलाद लागलें. १९१९ मध्यें क्रुपच्याच दंतचिकित्सालयांतील हाउप्टमायर यानें अशा पोलादाची कवळी घडविली. त्या पोलादाला ‘विप्ला’, म्हणजे ‘प्लॅटिनमसारखें’, असें नांव पडलें. अमेरिकेंत एल्वुड हेन्स यानें १९०७ सालींच कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचें पेटंट घेतलें होतें. त्या जातीचा ‘व्हायटॅलियम’ १९३० च्या सुमारास दंतकार्यांत आला.

आश्चर्य असें कीं, क्रोमियम हा सोन्यासारखा उदासीन धातु नाहीं. प्राणवायूशीं तो लोखंडाहूनही अधिक उत्सुकतेनें संयोग पावतो. पण या संयोगानें पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म, घट्ट पटल बसतें व तें आंतील धातूचें रक्षण करतें. ओरखडा पडला तर तें पुन्हा धरतें. ही आपोआप होणारी कलईच म्हणावयाची! पोलादांत शेंकडा १२ च्या आसपास क्रोमियम असल्यावांचून ती नीट धरत नाहीं. नेहमींच्या जातींत १८ भाग क्रोमियम व ८ भाग निकेल असतें.

हे धातु नवे असतांनाच, १९३३ सालीं, मुंबईंत नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय निघालें. गिरणगांवाला जवळ असलेली ही संस्था आज महानगरपालिका चालविते. १९४८ मध्यें दंतवैद्यांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. अशा शास्त्रीय शिक्षणाची नव्या धातूंना विशेष गरज होती. कोबाल्ट-क्रोमियम सुमारें १४०० अंशांवर वितळतो. त्या उष्णतेंत जिप्समचा सांचा टिकत नाहीं. थंड होतांना सोनें शेंकडा सुमारें दीड, तर हा धातु सव्वादोन आंकसतो. तेवढें सांच्यानें आधीं फुगावें लागतें. मात्र तो सोन्याच्या दुप्पट ताठ व वजनानें जवळजवळ निम्मा असल्यामुळें कवळी पातळ व हलकी होते.

१९५० सालीं अमेरिकेंत हम्फ्री यानें मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढांसाठीं तयार पोलादी टोपीची रीत पुढें आणली. भारतांत १९६३ सालीं सुवर्णनियंत्रण आलें. १९७१ मध्यें डॉलरचें सोन्याशीं असलेलें नातें तुटलें, आणि औंसाला ३५ डॉलर असलेला भाव जानेवारी १९८० मध्यें ८०० डॉलरांवर गेला. मग चिनी मातीच्या दांताखालीं निकेल-क्रोमियम सर्रास येऊं लागलें.

तथापि स्वस्ताईचीही किंमत असते. खोट्या दागिन्यांनीं ज्यांच्या कानाला खाज सुटते, अशांना निकेल तोंडांतही बाधण्याचा संभव असतो. ती गोष्ट दंतवैद्याला आधींच सांगावी. कांहीं मिश्रधातूंत ओतकाम सुलभ व्हावें म्हणून बेरिलियम घालीत. त्याची धूळ घांसकाम करणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसांस घातक ठरते.

सोन्याचा चोखपणा त्याच्या अंगचाच असतो. हीन म्हटल्या जाणाऱ्या धातूंचा भरंवसा मात्र त्यांतील प्रमाण, भट्टीची उष्णता आणि घडविणाऱ्याची सचोटी यांवर उभा आहे. एवढें सांभाळलें, तर कामगाराच्या मुखांतील पोलादही सोन्याइतकेंच निष्ठेनें चाकरी करतें.