जाहिरातीचे ध्वनिसंकेत आणि मणिकर्णिकेची वाट

नभोवाणीवरील जाहिरातीला चित्राचा आधार नसतो. वस्तूचे नाव, आवाजाचा पोत आणि एखादी छोटी धून एवढ्यावरच तिला भागवावे लागते. साहजिकच तिचा इतिहास म्हणजे ध्वनीला अर्थ कसा चिकटवला जातो, याचा इतिहास होय. मौखिक परंपरेशी त्याची तुलना करू पाहणाऱ्याला काशीच्या मणिकर्णिका घाटाकडे उतरणाऱ्या गल्ल्या उपयोगी पडाव्यात. तेथे तिरडी दिसण्याआधी रामनामाचा घोष कानी येतो आणि वाटसरू बाजूला सरतो. हा घोष एकाने उचलायचा, इतरांनी पुरा करायचा. ऐकणाऱ्याला उद्देशून त्यात काहीच नसते.

जाहिरातीचा सारा भर मात्र संबोधनावर. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. जन्म पुण्याचा, शिक्षण काशी विद्यापीठात. शास्त्रीय संगीताच्या आग्रहापोटी त्यांनी आकाशवाणीवरील सिनेगीतांना आवर घातला आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दंतमंजनाचे नाव थेट कार्यक्रमाच्या शीर्षकातच आल्यामुळे प्रत्येक उद्घोषणा आपोआप जाहिरात ठरली. अमीन सयानी यांनी रूढ क्रम उलटवून बहिणींना आधी हाक दिली. सभेतले संबोधन त्यामुळे घरातले झाले. गाण्याच्या क्रमांकाला ‘पायदान’ म्हटले गेले, अग्रस्थानाच्या गीताला बिगुलाची सलामी मिळाली. हा बिगुलही, घोषासारखाच, येणाऱ्याची वर्दी देतो; पण तो वाट मोकळी करायला सांगत नाही, जवळ बोलावतो.

आकाशवाणीने अखेर हाच मार्ग धरला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती आली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. पुढे चित्रपटांचे पंधरा मिनिटांचे प्रायोजित कार्यक्रम आले. त्यांत मुखडा ऐकवून गाणे तोडायचे, संवाद ऐन भरात थांबवायचा. उरलेल्यासाठी श्रोत्याने चित्रपटगृह गाठावे, ही अपेक्षा.

याच माध्यमाने सारंगीचे काय केले, हे अधिक बोलके आहे. मोठ्या नेत्याच्या निधनानंतर नेहमीचे कार्यक्रम थांबत आणि सारंगी लागे. पुनरावृत्तीने जशी धून वस्तूला चिकटते, तशी सारंगी मृत्यूला चिकटली. परंपरेने तिला हा अर्थ दिलेला नव्हता. काशीत ती ठुमरीची सोबतीण. गोपाल मिश्र यांच्यासारख्यांनी तिला मैफलीत प्रतिष्ठा दिली. मणिकर्णिकेच्या वाटेवर ऐकू येतो तो घोष, वृद्धाच्या अंत्ययात्रेत क्वचित वाजंत्रीही, सारंगी नव्हे. मुंबईत राम नारायण १९५६ पासून तिला स्वतंत्र वाद्य म्हणून मंचावर आणत होते. घरोघरच्या रेडिओवर मात्र ती लागली, की ऐकणारे विचारीत : कोण गेले?