मांद्र्याचे भाऊ दाजी आणि मुंबईचे वस्तुसंग्रहालय

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी हुबळीच्या न्यायालयात एका वाटणीच्या दाव्यात मी एका भावाचा वकील होतो. जंगम मालमत्तेच्या यादीत एक बाब अशी होती : देवादिकांची जुनी छापील चित्रे, चौकटींसह, नग अकरा. सोन्याच्या पाटल्यांवरून आणि तांब्याच्या घंगाळांवरून दोन्ही पक्ष शेवटपर्यंत भांडले. चित्रांविषयी मात्र पूर्ण एकमत झाले : ती कोणालाच नको होती. अखेरीस चौकटींच्या लाकडाचे जे काही येईल तेवढ्यावर ती मोडीत गेली. पुढे मुंबईला एका संग्रहालयात त्याच धर्तीची चित्रे काचेआड मांडलेली मी पाहिली आणि वकील म्हणून नव्हे, तर त्या व्यवहारातील एक मूक साक्षीदार म्हणून मनाशी ओशाळलो.

कायद्यात विश्वस्त निधीची एक सुंदर कल्पना आहे. वस्तू एकाच्या ताब्यात असते, परंतु तिचा लाभ दुसऱ्यासाठी राखलेला असतो. कोणत्याही संग्रहालयाची परीक्षा मला याच कसोटीवर करावीशी वाटते. वस्तू कोणी जमवल्या हा पहिला प्रश्न. पण कोणासाठी जमवल्या हा खरा प्रश्न. मुंबईच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाचा दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास हे या दुसऱ्या प्रश्नाचे हळूहळू बदलत गेलेले उत्तर आहे.

त्या इतिहासाचा आरंभ मुंबईत नव्हे, लंडनमध्ये झाला. १८५१ च्या मे महिन्यात हाइड पार्कमधील काचमहालात जगातील उद्योगधंद्यांचे प्रचंड प्रदर्शन भरले. त्यासाठी कंपनी सरकारने हिंदुस्थानातून कापड, कोरीव काम, धातूची भांडी आणि कच्चा माल जमवून पाठविला. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनाच्या वेळीही तेच घडले. हेतू निव्वळ कलाप्रेमाचा नव्हता. कोणत्या मुलखात काय पिकते आणि तेथील कारागीर काय घडवितो, हे व्यापाऱ्याला एका दृष्टीत कळावे, हा होता. आमच्या धारवाड जिल्ह्यात अमेरिकन कापसाच्या लागवडीचे प्रयोग त्याच सुमारास, १८४० नंतरच्या दशकात चालले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या कुतूहलामागचा हिशेब स्पष्ट होतो. वस्तू आमच्या होत्या. पाहणारा डोळा दुसऱ्याचा होता.

या खटपटीतून मुंबईतही एक संग्रह असावा असा विचार निघाला आणि किल्ल्यातील टाउन बॅरॅक्समध्ये तो मांडण्यात आला. डॉ. जॉर्ज बुइस्ट त्याचे पहिले व्यवस्थापक. परंतु १८५७ चा उठाव झाला, सैन्यासाठी ती जागा तातडीने हवी झाली आणि वस्तू घाईघाईने बाहेर काढण्यात आल्या. त्यांतील पुष्कळशा मोडल्या. ज्या संग्रहाला नगरात कोणी वाली नसतो, त्याची संकटकाळी अशीच गत होते.

त्याला वाली मिळाला तो पुढच्याच वर्षी. १८५८ मध्ये राज्यकारभार कंपनीकडून राणीकडे गेला. त्या निमित्ताने मुंबईच्या नागरिकांची सभा भरली आणि राणीच्या नावाने संग्रहालय व उद्यान उभारावे असे ठरले. डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर या कामात पुढाकार घेणाऱ्यांत नाना शंकरशेट होते आणि डॉ. भाऊ दाजी लाड होते. नाव राणीचे असले, तरी वर्गणी नगरवासीयांची होती. व्यापारी, शेटे आणि विद्वान यांनी धर्म-जात न पाहता हात दिला. आत उभा असलेला राजपुत्र आल्बर्टचा संगमरवरी पुतळा डेव्हिड ससून या यहुदी व्यापाऱ्याने दिलेला आहे.

भाऊ दाजी मूळचे गोव्याच्या पेडणे महालातील मांद्र्याचे. एल्फिन्स्टन संस्थेत शिकून ते ग्रँट मेडिकल कॉलेजात गेले आणि १८५१ मध्ये, म्हणजे लंडनचे प्रदर्शन भरले त्याच वर्षी, तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना झाली. दिवसा रोग्यांची नाडी पाहणारा हा वैद्य उरलेल्या वेळात शिलालेख, नाणी आणि पोथ्या तपासत असे. अजिंठ्याच्या लेखांवर त्यांनी निबंध लिहिला. जुन्या वस्तूकडे व्यापाऱ्याच्या नव्हे, संशोधकाच्या दृष्टीने पाहणारा हा माणूस होता. एक गोमंतकीय मुलगा मुंबईत येतो, इंग्रजी विद्या घेतो आणि त्या विद्येच्या बळावर आपल्याच देशाचा भूतकाळ वाचू लागतो, ही घटना मला त्या इमारतीच्या सोनेरी खांबांपेक्षा अधिक मोलाची वाटते.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते पायाभरणी झाली. त्या वेळी अमेरिकेतील यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये यादवी थांबली, शेअरांचा फुगा फुटला आणि अनेक पेढ्या बुडाल्या. भाऊ दाजींनाही त्याची झळ लागली. नाना शंकरशेट त्याच वर्षी निवर्तले. रखडलेले बांधकाम सरकारने हाती घेतले आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांना खुले झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी भाऊ दाजी गेले.

आवारातील दगडी हत्तीची कथा या साऱ्या इतिहासाचे सार आहे. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलेफंटा म्हटले, तोच हा हत्ती. १८६४ मध्ये त्याला विलायतेस नेण्याचा बेत झाला. उचलताना यारी तुटली आणि हत्ती कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईतच राहिले आणि १९१४ साली जोडून तो पुन्हा उभा करण्यात आला. यारी तुटली नसती, तर आज तो पाहण्यास आपल्याला समुद्र ओलांडावा लागला असता.

विसाव्या शतकाच्या आरंभी कलाशाळेचे प्रमुख सेसिल बर्न्स यांच्या काळात येथे मातीच्या मूर्ती आणि छोटे देखावे यांना महत्त्व आले. नाना जातींचे पेहराव, कारागिरांची हत्यारे, मुंबईचे रहिवासी, सारे लहानशा आकारात. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते वाचता येत होते. बागेत वाघ-सिंह पाहण्यास आलेली गिरणगावातील कुटुंबे मुलांना खांद्यावर घेऊन तेथेच आत शिरत. पंडितांनी नोंदवला नसला, तरी संग्रहालयाचा खरा लोकसत्कार तोच होय.

१९२२ साली किल्ल्यात प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय उघडले आणि राणीच्या बागेतील हे जुने घर मागे पडत गेले. १ नोव्हेंबर १९७५ रोजी त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. नाव बदलले, तरी छताला लागलेली गळती थांबली नव्हती. २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला. कसून जीर्णोद्धार होऊन २००८ च्या जानेवारीत दारे पुन्हा उघडली. या कामास २००५ साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. त्यानंतर सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट अशा आजच्या कलावंतांनी जुन्या कपाटांच्या शेजारी आपली कामे मांडली. मुलांसाठी कार्यशाळा आणि व्याख्याने सुरू झाली. नव्या कलेने जुन्या वस्तूला प्रश्न विचारावा आणि मुलाने दोहोंना विचारावा, ही रीत मला पटते.

किल्ल्यातील संग्रहालयाने तर, आज ज्याचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, २०१५ पासून एका मोठ्या बसमध्ये प्रदर्शन मांडून ते शाळांच्या आणि गावांच्या दारी नेले. १८५१ मध्ये गावातील वस्तू लंडनला निघाली होती. आता तीच वस्तू गावाकडे परतते आहे. विश्वस्ताने लाभार्थी अखेर ओळखला, असे मी म्हणेन.

आता आपल्या दाराकडे पाहू. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबईच्याच राज्यकारभारात होता. म्हणजे ते संग्रहालय एके काळी आपल्याही इलाख्याचे होते. धारवाडास १९३९ साली स्थापन झालेल्या कन्नड संशोधन संस्थेने शिलालेख आणि शिल्पे जपली. परंतु राजाचा शिलालेख जपला जातो, तसा कमरीपेठेतल्या माजघरातील दिवा जपला जात नाही. आमच्या पेठेत मराठी, कन्नड, कोंकणी एकाच कट्ट्यावर ऐकू येतात. त्या तिन्ही भाषांतील जुन्या वह्या, पितळेचे डबे, लुगडी, हिशेबाच्या चोपड्या आणि चित्रे दर वाटणीगणिक मोडीत निघत आहेत.

त्यासाठी सोनेरी खांबांची इमारत नको. एखाद्या देवळाच्या सभामंडपात वर्षातून आठ दिवस घरोघरच्या जुन्या वस्तू मांडाव्यात, प्रत्येकीजवळ तिची हकीकत तिन्ही भाषांत लिहून ठेवावी, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून ती मुलांना सांगावी. वस्तू ज्याची त्याने परत न्यावी. मालकी जाणार नाही, लाभ मात्र साऱ्या पेठेचा होईल.

ते आठ दिवस त्या दाव्यापूर्वी झाले असते, तर अकरा चित्रांवरूनही दोघे भाऊ भांडले असते. वकिलाने बोलू नये असे वाक्य आहे. पण तसे भांडण मला आवडले असते.