२१४७४८३६४७

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. २ च्या ३१व्या घातातून १ वजा केला की ही दहा अंकी मूळ संख्या मिळते. २ च्या घातापेक्षा एकने कमी असलेल्या मूळ संख्यांना फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मेर्सेन यांचे नाव आहे. त्यांतली ही आठवी. येथे घातांक ३१ हाही मेर्सेन मूळ संख्याच आहे. हीच रीत पुढे नेऊन २ चा २१४७४८३६४७वा घात घेतला आणि १ वजा केला, तर मात्र मूळ संख्या मिळत नाही.

इटलीच्या पिएत्रो काताल्दी यांनी १६०३ मध्ये २३, २९, ३१ आणि ३७ हे चारही घातांक मूळ संख्या देतात असे लिहिले. फर्मा यांनी १६४० मध्ये २३ आणि ३७ खोडून काढले, ऑयलर यांनी १७३८ मध्ये २९. उरलेला ३१ खरा निघाला, पण त्याची सिद्धता १७७२ साली ऑयलर यांनी बर्नुली घराण्यातील एका गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रातून पुढे आली. तेव्हा ते सेंट पीटर्सबर्गमध्ये होते आणि त्यांची दृष्टी जवळपास गेली होती.

या सिद्धतेचे सौंदर्य श्रम वाचवण्यात आहे. संख्येचे वर्गमूळ ४६,३४१ हून किंचित कमी. तिथपर्यंतच्या मूळ संख्या पावणेपाच हजारांहून अधिक. प्रत्येकीने भागून पाहणे म्हणजे महिनोन्‌महिन्यांचे काम. पण या संख्येला कोणी मूळ विभाजक असलाच, तर त्यातून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला ६२ ने भाग जायलाच हवा. शिवाय त्या विभाजकाला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च येते. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागून १ किंवा ६३ बाकी देणाऱ्या संख्याच तेवढ्या तपासायच्या राहतात. वर्गमूळापर्यंत अशा संख्या जेमतेम पावणेचारशे, आणि त्यांतल्याही बहुतेक मूळ नाहीत. एकीनेही भाग गेला नाही. ही संख्या पुढची अनेक दशके ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी राहिली.

हिला २ च्या ३०व्या घाताने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या येते, म्हणजे तिच्याहून लहान सर्व विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच भरते. इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये मत मांडले की अशा संख्या निव्वळ कुतूहलाच्या, उपयोगाच्या नाहीत, त्यामुळे याहून मोठी शोधायला कोणी बसणार नाही. ते चुकले: ल्युका यांनी १८७६ मध्ये १२७ हा घातांक सिद्ध केला, तर १८८३ मध्ये रशियन पाद्री पेर्वुशिन यांनी ६१.

३२ बिटांत चिन्हासह मावणारा सर्वांत मोठा पूर्णांक हाच. म्हणून १ जानेवारी १९७० पासून ३२ बिटांत सेकंद मोजणारी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरून जातील. येथे संख्या मूळ असण्याशी काही संबंध नाही. हा नुसता बिटांचा हिशेब. मूळपणा खरा कामी येतो तो यादृच्छिक संख्या तयार करण्याच्या एका प्रसिद्ध पद्धतीत. हाती असलेल्या संख्येला १६८०७ ने, म्हणजे ७ च्या पाचव्या घाताने, गुणायचे आणि २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्यायची. भाजक मूळ आहे आणि गुणक नेमका निवडलेला आहे, म्हणून १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्याशिवाय कोणतीही पुन्हा येत नाही.