किल्लारी ते १४४१६

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. हजारो माणसं गेली. घरं पुन्हा बांधली गेली. पण झोप उडालेल्या, बोलेनाशा झालेल्या बाईला दाखवायचं कुठं? तेव्हा राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चारच होती: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नव्हतं. नांदेड-लातूरहून तिथं जायचं म्हणजे सोबतीला माणूस, गाडीभाडं, बुडालेली मजुरी. मग दुखणं घरातच राहायचं, अंगाऱ्या-धुपाऱ्यावर निभायचं.

२०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे आपल्याकडे ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. आशाताई घरोघरी मनाचीही विचारपूस करू लागल्या. १० ऑक्टोबर २०२२ ला देशभर ‘टेली-मानस’ सुरू झालं. नंबर १४४१६. फुकट, रात्रंदिवस, मराठीतही. आधी समुपदेशक ऐकून घेतात, गरज पडली तर डॉक्टरांशी जोडून देतात.

वाट कमी झाली, पण फोन अजून घरधन्याच्या खिशात आहे. म्हणून आमचं म्हणणं असं: तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक बंद खोली, एक पडदा आणि शेजारी नर्सताई हवी. शहरातले डॉक्टर पडद्यावर बोलतील, गोळ्या इथंच मिळतील. ग्रामसभेत हे मागू या. तोवर गटाच्या बैठकीत १४४१६ प्रत्येकीनं पाठ करावा.