पानिपतचा पराभव : अपराधी कोण, की कारणे कोणती?

पराभव झाला म्हणजे मनुष्य प्रथम अपराध्याचा शोध घेतो. कारणांचा शोध त्यास मागाहून सुचतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या मैदानावर अहमदशहा अब्दालीने मराठ्यांच्या सैन्याचा संहार केला. त्या काळी हिंदुस्थानात मराठ्यांइतकी प्रबळ सत्ता दुसरी नव्हती. तीनच वर्षांपूर्वी, १७५८ मध्ये, त्यांच्या फौजा अटकेपर्यंत जाऊन पोहोचल्या होत्या. अशा सत्तेचे सैन्य एका दिवसात का नष्ट व्हावे, या प्रश्नाची चर्चा आजतागायत चालू आहे. इंदूर, ग्वाल्हेर व बडोदे येथील आमच्या वाचकांस तर ही चर्चा परकी नाही. होळकर, शिंदे व गायकवाड हे तिघेही त्या रणांगणावर होते, आणि दोषाची वाटणी करताना त्यांची नावे वारंवार घेतली गेली आहेत.

प्रथम साक्षींचा विचार करू. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने सुमारे वीस वर्षांनंतर फारसीत आपली हकीकत लिहिली. मराठीत 'भाऊसाहेबांची बखर' प्रसिद्ध आहे. सदाशिवरावभाऊ मानी व हेकट होता. जड तोफखाना व बाजारबुणगे मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे, हा मल्हारराव होळकर व सूरजमल जाट यांचा सल्ला त्याने अव्हेरला, हे चित्र अशाच लेखनातून रूढ झाले. परंतु परिणाम ठाऊक झाल्यावर लिहिणाऱ्याला पूर्वीची प्रत्येक चूक ठळक दिसते, हे विसरता कामा नये.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा चर्चेस अस्सल पत्रांचा आधार मिळाला. भाऊने गोविंदपंत बुंदेल्यास रसदेसाठी, पैशासाठी व शत्रूचा मुलूख मारण्यासाठी लिहिलेली पत्रे वाचून राजवाड्यांनी भाऊला बव्हंशी दोषमुक्त केले आणि दोष गोविंदपंत व मल्हारराव यांच्या माथी ठेवला. साधने नवी होती. प्रश्न मात्र जुनाच राहिला. अपराधी बदलला, एवढेच. ज्या गोविंदपंतावर कुचराईचा ठपका आला, तो शत्रूची रसद तोडण्याच्या कामावर असतानाच डिसेंबर १७६० मध्ये मारला गेला, ही गोष्टही न्यायाच्या तराजूत घालावी लागते.

यदुनाथ सरकार यांनी १९३४ मध्ये फारसी साधनांच्या आधारे निराळी दिशा दाखविली. अफगाणांचे उत्तम घोडे, त्यांची शिस्त, उंटांवरून चटकन हलविता येणाऱ्या तोफा, आणि समोर उपासमारीने खंगलेली मराठ्यांची जनावरे, यांकडे त्यांनी लक्ष वेधले. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी १९४६ च्या आपल्या ग्रंथात दृष्टी रणांगणापलीकडे नेली आणि नानासाहेब पेशव्याच्या धोरणावर कठोर टीका केली. परिणामांविषयीही एकमत नाही. पानिपतात कर्त्या पुरुषांची एक पिढीच गारद झाली, असे सरकार म्हणतात. तर रियासतकार सरदेसाई दहाच वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतल्याचे दाखवून, या पराभवाने काहीच कायमचे ठरले नाही, असे प्रतिपादन करतात.

आमच्या मते या वादात अन्नाचा प्रश्न मध्यवर्ती आहे. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो दिल्ली व मराठे यांच्यामध्ये उभा राहिला. मराठ्यांचा दक्षिणेशी संबंध तुटला. अब्दालीचाही स्वदेशाशी तुटला. परंतु अब्दालीच्या पाठीशी नजीबखानाची अंतर्वेद होती. तेथून त्यास धान्य येत राहिले. मराठ्यांच्या छावणीत मात्र लढवय्यांबरोबर स्त्रिया, यात्रेकरू व बुणगे यांची हजारो तोंडे होती. अडीच महिन्यांत ती छावणी उपाशी पडली, आणि अखेर मरणास सिद्ध होऊन बाहेर निघाली. शेजारी मित्र का नव्हते, याचे उत्तर आणखी मागे जाते. जयपूरच्या वारशाच्या तंट्यात मराठ्यांनी हात घातला होता, आणि १७५४ मध्ये सूरजमलाच्या कुंभेरीस वेढाही दिला होता. अशा शेजाऱ्यांनी संकटकाळी धावून यावे, ही अपेक्षा कशाच्या आधारावर करावी?

मग मल्हाररावाचे काय? १७५७ मध्ये हाती आलेला नजीबखान त्याच्या मध्यस्थीने सुटला, हे खरे. पानिपतच्या दिवशी तो आपली फौज घेऊन रणातून निघाला, हेही खरे. परंतु तो विश्वासघात होता, की बुडत्या नावेतून वाचतील तेवढ्यांना वाचविणे होते, हे त्याच्या जाण्यावरून सिद्ध होत नाही. कृती कागदावर सापडते. हेतू क्वचितच सापडतो. आणि तो राहिला असता, तरी उपाशी घोड्यांच्या पोटात दाणा पडला नसता.

आमच्या वाचकांस याचे एक परिचित उदाहरण आहे. योशीया राजा मगिद्दो येथे मारला गेला, हे राजे व इतिहास हे दोन्ही ग्रंथ सांगतात. पहिला कारण न देता पुढे जातो. दुसरा राजाने न ऐकलेल्या इशाऱ्याची नोंद करतो. घटना एक, पण कारण सांगण्याची रीत दोन. दोन्ही शेजारी ठेवून वाचण्याची सवय ज्यांस आहे, त्यांनी पानिपतचा निवाडाही घाईने करू नये. मेलेल्या माणसास आपली बाजू मांडता येत नाही. म्हणून त्याच्या नावावर दोष लिहिण्यापूर्वी साक्ष कोणाची, ती केव्हाची, आणि हा मनुष्य नसता तर परिणाम टळला असता काय, हे तीन प्रश्न विचारणे हे आमचे कर्तव्य ठरते.