ऑनलाइन मुलाखत

ऑनलाइन मुलाखत म्हणजे इंटरनेटवरील दृक्‌श्राव्य संपर्काद्वारे घेतली जाणारी नोकरीची मुलाखत होय. २०२० मध्ये कोविड-१९ महासाथीच्या काळात झूम, गूगल मीट यांसारख्या सेवांमुळे ही पद्धत व्यापक प्रमाणात रूढ झाली.

उमेदवारावरील ताण

प्रत्यक्ष संभाषणात एकाचे बोलणे संपताच साधारणतः २०० मिलिसेकंदांत दुसरा बोलू लागतो. संपर्कातील विलंबामुळे ही लय बिघडते आणि उमेदवार अडखळल्यासारखा वाटतो. कॅमेरा पडद्याच्या वर असल्याने मुलाखतकाराच्या चेहऱ्याकडे पाहणारा उमेदवार नजर चुकवत असल्याचा भास होतो. त्यामुळे केवळ अशा लक्षणांवरून आत्मविश्वास जोखणे अन्यायकारक ठरू शकते.

उपाययोजना

मुलाखतीचे स्वरूप व पर्यायी दूरध्वनी क्रमांक आधी कळवणे, आरंभी आवाज तपासणे, उत्तरापूर्वी विचारास अवधी देणे आणि संपर्क तुटल्यास त्याचा मूल्यमापनावर परिणाम होणार नाही, असे स्पष्ट सांगणे उपयुक्त ठरते.