सावलीतलं पान

मोगल अमदानीत आमच्या नाशिकचं नाव होतं गुलशनाबाद, म्हणजे बागेचं गाव. बाग म्हटली की गुलाब आठवतो. सावलीतलं पान कुणाला आठवत नाही. जपानी माळ्यांनी मात्र सावलीतला होस्टा जपला. झीबोल्ट या जर्मन डॉक्टरानं १८३० च्या सुमारास तो युरोपात नेला. १९३६ साली अमेरिकेतल्या एका रोपवाटिकेत फ्रान्सिस विल्यम्स या बाईंना त्याचं पिवळ्या काठाचं रोप दिसलं. थाळीएवढ्या पानांची ती जात आज त्यांच्याच नावानं ओळखतात. हा काठ बियांतून सहसा उतरत नाही. गड्डा फोडून वाटून दिला तरच टिकतो.

नाशिकच्या थंडीत होस्टाचं भागत नाही. पण न्हाणीमागचं आपलं अळूही असंच, शेजारणीनं दिलेल्या गड्ड्यावर चालत आलेलं. पेशवाईत गुलशनाबाद हे नाव गेलं. बाग मात्र अशा देण्याघेण्यातून राहिली.